हळद काढा, मळ राहू द्या

“हळद काढा, पण मळ राहू द्या,” नील म्हणाला.

मला वाटलं, वय झालं, कान गेले. म्हणून पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, या वेळी इंग्लिशमधून आणि हातवारे करून.

इंदिरानगरमधल्या एका स्टार्टअपची ती कॉन्फरन्स रूम. टेबलावर एक इलेक्ट्रिक गिटार आडवी ठेवलेली. नील त्या कंपनीचा ब्रँड हेड, मुंबईचा. ब्रँड हेड नेमकं काय करतो ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण खोलीतली सगळ्यात चांगली खुर्ची त्याची होती. दाराजवळ एक मुलगी उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नव्हतं. डोळे रडून सुजलेले. ती शुभांगी, अ‍ॅडमिनमधली, नागपूरची.

आणि मी सुमित्रा मोहिते. आमचे पूर्वज कधीकाळी घोड्यावर बसून बंगळुरूला आले ते परत गेलेच नाहीत, त्यामुळे इथे आमच्या सगळ्यांच्या नावापुढे राव लागतं आणि मराठीत कन्नड शिरतं. मी घड्याळाच्या कारखान्यात घड्याळांची धातूची कवचं पॉलिश करत असे. कारखाना गेला, हात राहिले. आता यशवंतपूरला घरच्याच एका खोलीत गिटारचे फ्रेट पॉलिश करते. वाजवता मला एक सूर येत नाही. लोक दारात येऊन विचारतात, “सर आहेत का?” मी म्हणते, “सर वारले, काम मीच करते.” सर कधी नव्हतेच, पण एवढं म्हटलं की पुढचे प्रश्न थांबतात.

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या बारीक पट्ट्या. त्या ज्या लाकडावर असतात तो फ्रेटबोर्ड. दोन फ्रेटच्या मधल्या जागेला मी घर म्हणते. वाजवणारा तिथे बोट दाबतो आणि दाबता दाबता बोटाचा घाम, तेल, मेलेली कातडी तिथे सोडून जातो. वर्षानुवर्षं पुसलं नाही की त्याचा काळा थर बसतो. मळ म्हणतात तो हा. कानातला असो की गिटारचा, त्यात कौतुक करण्यासारखं काही नसतं.

या गिटारवर मळ तर होताच, वर पिवळ्या-लाल रंगाचे पट्टे होते. प्रत्येक घरात एक. शिवाय फ्रेट हिरवे पडलेले.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

नीलने मान न वळवता दाराकडे बोट केलं.

झालं होतं असं. आपल्याकडे खंडेनवमी, इथे आयुधपूजा. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा. रिक्षावाला रिक्षाची करतो, न्हावी कात्रीची करतो, आमच्या घरी एक गंजकी तलवार बाहेर निघते आणि पुन्हा आत जाते. आयटीवाले कॉम्प्युटरची करतात. शुभांगीचा इथला पहिलाच दसरा. तिने मन लावून सगळं केलं. लॅपटॉप, प्रिंटर, सर्व्हर, बंद पडलेलं कॉफी मशीन, कोणाला सोडलं नाही. दारात कोहळा फोडला. मग तिची नजर रिसेप्शनवरच्या काचेच्या पेटीतल्या गिटारवर गेली.

ती कंपनीचे मालक विक्रांत यांची गिटार. मालक म्हणायचं नाही हो, फाउंडर म्हणायचं. तिथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, घाबरले की मात्र सर म्हणतात. पेटीखाली लिहिलंय की विक्रांतने कॉलेजच्या खोलीत या गिटारच्या साथीने कंपनी उभी केली. शुभांगीला वाटलं, मग हेच तर साहेबांचं आयुध! तिने पेटी उघडून हळद-कुंकवाची बोटं ओढली, एकेका घरात, अगदी रांगोळीच्या हाताने. वर शेवंतीची ओली माळ घातली आणि पेटी बंद केली. मग सगळे सुट्टीवर गेले. फ्रेटमध्ये तांबं असतं. ओल्या फुलांखाली बंद पेटीत ते हिरवं पडलं, देवघरातला तांब्या पडतो तसं.

“विक्रांत बाहेरगावाहून येतोय,” नील म्हणाला. “ऑल-हँड्सला, सगळ्या कंपनीच्या सभेत, तो ही गिटार वाजवणार. इन्व्हेस्टर असतील. मॅडम, तो मळ त्याची स्टोरी आहे. पॉडकास्टमध्ये तो स्वतः बोललाय, ‘हा मळ माझा प्रवास आहे.’ आमच्या ब्रोशरच्या कव्हरवर त्याचा क्लोजअप आहे.”

“मळाचा?”

“टेक्श्चरचा.”

त्याने लॅपटॉप फिरवला. मळाचे फोटो. वरून, बाजूने, पिवळ्या उजेडात, निळ्या उजेडात. मी चाळीशी लावून बघितले. कप्पाळ माझं! लोक लग्नाचे एवढे काढत नाहीत.

“अहो नील,” मी म्हटलं, “हळद मळावर बसलीय आणि मळातून खाली लाकडात गेलीय. चहात विरघळलेली साखर काढून चहा तसाच ठेवता येतो का? हळद काढायची तर मळ जाणार.”

“काहीतरी वे असेलच ना?”

“एक आहे. दोन्ही राहू द्या.”

मी पिशवी उचलून निघालेच होते. लिफ्टपाशी शुभांगी धावत आली.

“काकू, नका ना जाऊ. नील सर म्हणून राहिले की विक्रांत सरांनी हे पाहिलं का मी गेलीच. माझं कन्फर्मेशन अडकलंय, अजून पर्मनंट नाही मी. आई-बाबांना आत्ताच इथं आणलं हो मी. घर सोडून आले ते. त्यांना काय सांगू, देवाची पूजा केली म्हणून काढलं?”

माझा स्वभाव तापट आहे हे आमची गल्ली जाणते. पण ही पोरगी रडत नव्हती, रडणं संपवून आली होती. ते मला बघवेना. मी परत आत गेले आणि गिटार उचलली.

“मळाचं काय?” नीलने विचारलं.

“प्रयत्न करते,” म्हटलं. याला कारखान्याच्या भाषेत खोटं बोलणं म्हणतात.

घरी आल्यावर तारा सोडवल्या. ही गिटार स्क्रूने जोडलेली होती, स्क्रू काढले की मान वेगळी होते. मान हातात घेऊन खिडकीशी बसले आणि मला हसू फुटलं. मळ होता तो पहिल्या तीन घरांत. पुढची सगळी घरं कोरी करकरीत, जशी कारखान्यातून आली तशी. म्हणजे साहेबांना तीन कॉर्ड येतात, बोटांच्या तीन ठेवणी. तेवढ्यात कंपनी उभी राहिली असेल तर आनंदच आहे.

आता कामाचं सांगते. लाकडाला आधी चिकटपट्टी लावायची, फक्त फ्रेट उघडे ठेवायचे. मग केसासारख्या बारीक तारांच्या स्टील वूलने फ्रेट लांबीच्या दिशेने घासायचे. हिरवं जातं, ओरखडे जातात. शेवटी मेटल पॉलिश. फ्रेट असे झाले पाहिजेत की तार त्यावरून सरकताना कळू नये. ते झालं. मग चिकटपट्टी काढून फ्रेटबोर्ड. लायटरमध्ये भरतात तो नाफ्था फडक्यावर घेऊन पुसलं. कुंकू गेलं. आणि ब्रोशरच्या कव्हरवरचा तो प्रवास दोन फडक्यांत निघून आला.

हळद मात्र राहिली.

फ्रेटबोर्ड मेपलचा होता, फिकट लाकडाचा. त्यावर लॅकर असतं, म्हणजे पारदर्शक वार्निश. पण तीन घरांतलं लॅकर बोटांनी झिजून गेलं होतं आणि तिथे हळद उघड्या लाकडात मुरली होती. नाफ्था झाला, स्पिरिट झालं, माझ्या ठेवणीतलं सगळं झालं. लाकूड नवरीसारखं पिवळं. नीलसमोर तोंड वर करून बोलून आलेली मी, आता घरात फडकी आपटत होते.

शुभांगीचा फोन आला. मी तिच्यावरच ओरडले. “कसली हळद आणलीस गं ही?”

“घरची आहे काकू. आईने कांडून आणलेली. चांगली असते.”

“चांगली आहे हे दिसतंच आहे!”

ती हळूच म्हणाली, “काकू, उन्हात ठेवून पाहता का? आमच्याकडे पांढऱ्या कपड्याला हळद लागली ना, तर आई धुऊन उन्हात टाकते. आपोआपच जाते.”

“अगं, गिटार आहे ती, धोतर नाही! उन्हाने डिंक सुटतो, मान वाकते. गिटार उन्हात ठेवू नका हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.”

“मग राहू द्या,” ती म्हणाली. तिच्या आवाजात काही उरलं नव्हतं.

फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. हळद उन्हात उडते हे मला काय ठाऊक नव्हतं? आयुष्यभर साड्या वाळत घातल्या. पण गिटार म्हटल्यावर डोक्यात फक्त बाटल्या आल्या. मान तर सुटी होतीच. पाठीमागे सपाट फळी बांधली, फ्रेट चिकटपट्टीने झाकले आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात गच्चीवर ठेवायची ठरवली. तापली की आत आणायची.

पण ऊन आणायचं कुठून? दसऱ्याच्या सुमाराला बंगळुरूत ढग मुक्कामाला येतात. मी मान घेऊन गच्चीवर, ढग आले की खाली, ऊन पडलं की पुन्हा वर. समोरच्या शारदक्का आपल्या गच्चीवरून बघत होत्या. त्यांचे संडिगे, म्हणजे आपले सांडगे, तसेच अडकले होते.

“स्वल्प ऊन येतंय, आणा वर,” त्या ओरडायच्या. मग आम्ही दोघी धावायचो. शेवटी माझ्या गच्चीवर ऊन जास्त टिकतं म्हणून त्यांनी आपली चटईही माझ्याकडेच आणून टाकली.

आणि पिवळं फिकं व्हायला लागलं हो! रोज थोडं थोडं. मी शुभांगीला फोटो पाठवला. तिने उत्तरात नुसते हात जोडलेले पाठवले, ओळभर.

ऑल-हँड्सच्या आदल्या दिवशी नील स्वतः आला. शुभांगी त्याच्याबरोबर. इंदिरानगर ते यशवंतपूर ट्रॅफिकमध्ये शिजून निघालेला माणूस, जिने चढून वर आला आणि बघतो तर सांडग्यांच्या चटईच्या टोकाला त्याच्या फाउंडरची मान. शारदक्का काठीने कावळे हाकत होत्या.

“हे काय आहे?” त्याचा आवाज चिरकला.

“वाळवण,” मी म्हटलं.

त्याने मान उचलली. फ्रेट लखलखत होते. लाकूड स्वच्छ, हळदीची नुसती झाक उरलेली, माहीत असेल त्यालाच दिसावी अशी. मला माझ्या कामाचा अभिमान वाटला, खोटं का बोलू? नीलचा चेहरा मात्र उतरला.

“मळ कुठे गेला?”

“फडक्यात आहे. देऊ?”

“मॅडम, जोक नका करू. तो परत लावा. कॉफी लावा, चॉकलेट लावा, काहीही करा, पण फोटोसारखं दिसलं पाहिजे.”

“मी मळ काढते, लावत नाही. ते तुमचं खातं.”

तो गच्चीच्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. बराच वेळ फोनवर टकटक करत होता. मग वळला तेव्हा चेहरा एकदम शांत.

“सरी,” तो म्हणाला. सरी म्हणजे ठीक आहे, त्याला येणारा कन्नडमधला हा एकच शब्द. “विक्रांतला सांगू, आम्ही रूटीन मेंटेनन्ससाठी दिली होती. व्हेंडरने ओव्हर-क्लीन केली. पूजेचा विषयच नको. शुभांगी, तू फक्त काही बोलू नकोस. मग तुझ्या कन्फर्मेशनला काही प्रॉब्लेम नाही.”

व्हेंडर म्हणजे मी. चोर सोडून संन्याशाला फाशी, तीही संन्याशाच्याच गच्चीवर, संन्याशाला ऐकू जाईल अशी! या गावात गिटारवाले सगळे एकमेकांना ओळखतात. फाउंडरची गिटार बिघडवली हे एकदा पसरलं की माझ्या दारात कुत्रं फिरकलं नसतं.

मी शुभांगीकडे बघितलं. ती सांडग्यांकडे बघत होती. मला राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. पण आई-बाबांना घर सोडायला लावून आणलेल्या मुलीने दुसरं काय करावं, हेही कळत होतं. मी मान खाली नेली, गिटार जोडली, नव्या तारा चढवल्या आणि नीलला म्हटलं, “उद्या मी घेऊन येते. जे सांगायचं ते माझ्यासमोर सांगा.”

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत विक्रांत भेटले. पुण्याचे, चाळिशीचे, पायात चपला. ज्याला वाटेल ते घालता येतं तोच मालक, हे मी तेव्हा ओळखलं. मी गिटार टेबलावर ठेवली. शुभांगी पुन्हा दाराजवळ.

“विक्रांत, एक छोटा इश्यू झालाय,” नीलने सुरुवात केली. “आपण हिला रूटीन क्लीनिंगला दिली होती. आमचं ब्रीफ क्लिअर होतं, पण व्हेंडरच्या बाजूने...”

“नाही सर,” शुभांगी म्हणाली.

आवाज एवढा बारीक होता की नील पुढे बोलतच राहिला. ती टेबलापाशी आली.

“नाही सर. या काकूंनी काही बिघडवलं नाही. मी पूजेत तुमच्या गिटारला हळद-कुंकू लावलं. माळ पण घातली. फ्रेट हिरवे पडले. यांनी उन्हात धरून धरून हळद काढली. मळ गेला तो माझ्यामुळे. मला काढायचं असेल तर काढा, पण यांचं नाव नका घेऊ.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मी चष्मा पुसल्यासारखं केलं.

विक्रांतनी गिटार मांडीवर घेतली. तीन कॉर्ड वाजवल्या. तेवढ्याच येत होत्या, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मग पुन्हा त्याच वाजवल्या. बोट फ्रेटबोर्डवरून सर्रकन वर नेलं, खाली आणलं.

“चिकटत नाहीये,” ते म्हणाले.

“विक्रांत, मळाचं आपण रिक्रिएट करू शकतो,” नील घाईने म्हणाला. “एका एजन्सीशी बोललोय मी.”

“कसला मळ?”

“तो... तुझा प्रवास.”

“अरे, तो पॉडकास्टवाला सगळ्यांसमोर म्हणाला, गिटार एवढी घाण कशी? मग काय सांगायचं? पुसायचा कंटाळा येतो म्हणून? सुचलं ते बोललो.” त्यांनी बोटं शर्टाला पुसली, सवयीने, मग बघितलं तर ती स्वच्छच होती. “मला किळस यायची त्याची. दर ऑल-हँड्सला वाजवून झालं की हात धुवायला पळायचो. वाटायचं, कोणीतरी पुसेल. पण तुम्ही तर पेटीत ठेवलीत आणि खाली बोर्ड लावलात. मग मी कसं म्हणू, पुसा?”

मला वाटलं आता सगळे हसतील. कोणी हसलं नाही. फाउंडर हसल्याशिवाय हसायची तिथे पद्धत नव्हती.

“हे सगळं असू दे,” मी म्हटलं. “या मुलीची नोकरी राहणार की जाणार, ते आत्ता सांगा. मला यशवंतपूरची बस धरायची आहे.”

“नोकरी? नोकरी का जाईल?” विक्रांतनी खरंच न कळून विचारलं.

आम्ही दोघींनी नीलकडे बघितलं. तो फोनमध्ये काहीतरी शोधायला लागला.

शुभांगीचं कन्फर्मेशन त्याच दुपारी झालं. तिने मला ऑफिसच्या जिन्यातूनच फोन केला, आणि आता मात्र ती पोटभर रडली. आई-बाबा नागपूरला परत गेले नाहीत. नीललाही काही झालं नाही, अशा माणसांना कधी होत नाही. संध्याकाळी ऑल-हँड्समध्ये त्याने सुरुवातीलाच मोठ्या पडद्यावर चकचकीत फ्रेटचा क्लोजअप दाखवला आणि सांगितलं की जुना मळ झटकून टाकायचं धैर्य हाच आपल्या कंपनीचा प्रवास आहे. शुभांगी सांगत होती, टाळ्या खूप पडल्या.

तेव्हा घरी गिटार असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवा. खंडेनवमीला कुंकू गिटारच्या पिशवीला लावा, देवाला ते पोचतं. आणि साहेबांचा मळ जपायला घेण्याआधी साहेबांना एकदा विचारून घ्या, तो त्यांना हवा आहे का.